दोन हप्त्यांत बांधायचा गेमिंग संगणक

कमी खर्चात गेमिंग संगणक कसा जुळवावा, याविषयी जे काही वाचायला मिळते, त्यात दोन गोष्टी गृहीत धरलेल्या असतात: सगळी रक्कम एकाच वेळी हातात आहे, आणि चुकीचा भाग आला तर तो बदलून देणारे दुकान जवळ आहे. कर्नाटकाच्या सीमाभागातल्या निपाणी-चिकोडीकडच्या ऊस लावणाऱ्या घरात सहसा यातले काहीच नसते. गाळप सुरू झाल्यावर पहिली उचल मिळते, उरलेली रक्कम मागाहून येते आणि ती नेमकी कधी येईल हे कोणी छातीठोकपणे सांगत नाही. सुट्या भागांची मोठी बाजारपेठ म्हणावी तर बेंगळुरूचा एस. पी. रोड किंवा मुंबईचा लॅमिंग्टन रोड. माझ्या अक्काचा मुलगा बेळगावात अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला आहे. त्याच्यासाठी मॉनिटरसह ७० हजारांत संगणक जुळवायचा, त्यातले ४५ हजार आता आणि उरलेले पुढच्या हप्त्यातून, असे दाजींनी सांगितले तेव्हा भागांची निवड वेगळ्याच क्रमाने करावी लागली. तो क्रम आणि त्यामागची कारणे येथे मांडत आहे.

आम्ही प्रत्येक भागाविषयी आधी एकच प्रश्न विचारला: हा भाग दोन वर्षांनी बदलायचा झाला तर किती त्रास होईल? ग्राफिक कार्ड (पडद्यावरचे चित्र तयार करणारा भाग) बदलायला एक-दोन स्क्रू आणि एक वीजजोडणी काढावी लागते. मेमरी (रॅम) आणि एसएसडी (खेळ व फाइली साठवणारा भाग) तर कॉलेजचा कोणताही मुलगा पाच मिनिटांत बसवतो. मदरबोर्ड (सगळे भाग ज्यावर जोडतात ती मुख्य पाटी) बदलायचा म्हणजे मात्र सगळा संगणक उलगडावा लागतो, कधी कधी विंडोजचा परवानाही नव्याने सक्रिय करावा लागतो, आणि नव्या बोर्डाचे सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसवायची जागा, वेगळे असेल तर प्रोसेसर व मेमरीही त्याच्याबरोबर जातात. एसएमपीएस, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा, बदलणे तसे सोपे असते. पण वाईट एसएमपीएस जाताना इतर भागांनाही घेऊन जाऊ शकतो, म्हणून तोही पहिल्याच वेळी चांगला असावा लागतो. त्यामुळे पहिल्या उचलीतील पैसे बोर्ड, एसएमपीएस आणि मॉनिटर यांच्यावर लावायचे आणि ग्राफिक कार्ड मागे ठेवायचे, असे ठरले. भाच्याला हे मुळीच पटले नव्हते. “मामा, कार्डच नसेल तर तो गेमिंग संगणक कसला?” हा त्याचा प्रश्न रास्तच होता आणि त्याचे उत्तर प्रोसेसरच्या निवडीत शोधावे लागले.

त्याआधी एका मोहाविषयी सांगितले पाहिजे. रंगीत पंखे लावलेला तयार ‘गेमिंग पीसी’ गावोगावच्या दुकानांत आणि मोबाइलवरच्या जाहिरातींत वीस-पंचवीस हजारांना दिसतो आणि त्यावर ‘आय फाइव्ह, १६ जीबी, ग्राफिक कार्डसहित’ असे लिहिलेले असते. आय फाइव्ह हे नाव २००९ पासून चालत आले आहे, त्यामुळे कोणत्या पिढीचा प्रोसेसर हे विचारल्याशिवाय त्या नावाला अर्थ नसतो. अशा संगणकांत अनेकदा २०१२ चा तिसऱ्या पिढीचा प्रोसेसर आणि २०१४ चे जीटी ७३० कार्ड निघते. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला, काही अपवाद सोडल्यास, इंटेलची आठवी पिढी किंवा त्यानंतरचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय लागते. व्हॅलोरंटसारखा खेळही विंडोज ११ वर टीपीएम आणि सिक्युअर बूट (सुरू होताना अस्सल प्रणालीच चालू देणारी सोय) चालू असल्याशिवाय सुरू होत नाही. म्हणजे ज्या खेळासाठी मुलगा हट्ट धरून बसला आहे, तोच त्या संगणकावर चालेल याची खात्री नाही. कॉलेजचे प्रकल्प-अहवाल लिहिण्यापुरता तो संगणक वाईट नाही, मात्र त्याला गेमिंग संगणकाची किंमत देऊ नये.

आता प्रोसेसर. कार्ड मागाहून घ्यायचे तर तोपर्यंत चित्र दाखवण्याची सोय प्रोसेसरमध्येच असावी लागते. येथे नावांचा घोळ फार आहे. एएमडी कंपनीची रायझन ५ ५६०० आणि रायझन ५ ५६००जी ही दोन नावे शेजारी ठेवली तर एका अक्षराचाच फरक दिसतो. दोघांतही ६ कोअर (काम करणारे गाभे) आणि १२ थ्रेड (एका वेळी चालणारे कामाचे धागे) आहेत. पण ५६०० मध्ये ग्राफिक अजिबात नाही, कार्ड लावल्याशिवाय त्याचा पडदा काळाच राहतो. उलट ५६००जी मध्ये वेगा जातीचे ग्राफिक आहे. या सोयीची किंमतही मोजावी लागते: ५६०० ची एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली जलद मेमरी) ३२ एमबी आहे, तर ५६००जीची १६ एमबी, ५६०० ला पीसीआय एक्स्प्रेस (कार्डाला प्रोसेसरशी जोडणारा मार्ग) ४.० मिळते, तर ५६००जी ३.० वरच थांबतो. पुढे कार्ड लावल्यावर काही खेळांत हा फरक जाणवतो. इंटेलकडे हाच प्रश्न आय ५ १२४०० आणि १२४००एफ असा येतो; ‘एफ’ असेल तर आत ग्राफिक नाही, आणि एफ नसलेल्या १२४०० मधील ग्राफिक खेळांसाठी ५६००जीमधल्या वेगा ग्राफिकपेक्षा कमजोर आहे.

तिसरा पर्याय एएमडीच्याच नव्या एएम५ सॉकेटचा होता. त्यावरचा ८६००जी हा प्रोसेसर २०२४ च्या जानेवारीत आला. त्याचे अंगभूत ग्राफिक ५६००जीपेक्षा स्पष्टपणे सरस आहे आणि त्या बोर्डावर पुढच्या पिढ्यांचे प्रोसेसर बसवता येतात. त्याचा धाकटा भाऊ ८५००जी मात्र कार्ड मागाहून लावणाऱ्याने टाळावा, कारण त्यात ग्राफिक कार्डासाठी पीसीआय एक्स्प्रेसच्या फक्त ४ लेन (मार्गिका) उपलब्ध असतात. पैशांची मुभा असती तर मी ८६००जी निवडला असता. अडचण मेमरीची आली. एएम५ ला डीडीआर५ या नव्या पिढीच्या मेमरीशिवाय चालत नाही, आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सर्व्हरसाठी लागणाऱ्या मेमरीकडे उत्पादक वळल्यामुळे २०२५ च्या उत्तरार्धात मेमरीचे भाव झपाट्याने चढले. डीडीआर४ ही त्यातून सुटली नाही. भाच्याच्या खोलीत राहणाऱ्या मित्राकडे जुन्या संगणकातील ३२०० वेगाच्या डीडीआर४ च्या ८-८ जीबीच्या दोन पट्ट्या पडून होत्या आणि त्या रास्त किमतीत मिळाल्या, म्हणून एएम४ हे आधीचे, डीडीआर४ वर चालणारे सॉकेट आणि त्यावरचा ५६००जी यांच्यावर शिक्का बसला. ज्याच्याकडे अशी मेमरी नाही, त्याने दोन्ही बाजूंची बेरीज त्या दिवसाच्या भावाने करूनच ठरवावे; मेमरीच्या बाबतीत सहा महिन्यांपूर्वीचा सल्ला आज शिळा झालेला असतो.

दोन पट्ट्या असण्यावर मी मुद्दाम भर देतो. वेगळ्या कार्डाला स्वतःची मेमरी असते. अंगभूत ग्राफिक मात्र मुख्य मेमरीतूनच वाटा घेते. ३२०० वेगाची डीडीआर४ ची एक पट्टी सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी माहिती पुरवू शकते, तर दोन पट्ट्या योग्य खाचांत लावल्यावर ५१.२ जीबी. तुलनेसाठी, आरएक्स ६६०० या मध्यम कार्डाची स्वतःची मेमरी २२४ जीबी पुरवते. मुळातच इतकी तूट असताना १६ जीबीची एकच पट्टी लावणे म्हणजे आहे ते ग्राफिकही अर्ध्यावर आणणे होय. चार खाचा असलेल्या बोर्डावर पट्ट्या सहसा प्रोसेसरकडून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत लावायच्या असतात. शिवाय बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन एक्सएमपी, म्हणजे मेमरीला तिच्या छापील वेगावर चालवणारी सोय, चालू केली नाही, तर ३२०० ची मेमरी बहुधा २१३३ किंवा २४०० वरच चालत राहते, आणि पैसे मोजूनही तो वेग मिळत नाही हे वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षातही येत नाही.

५६००जीवर काय खेळता येते, हेही स्पष्ट असलेले बरे. व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक २ कमी सेटिंगवर १०८०पी (१९२०×१०८० बिंदूंचे चित्र) मध्ये व्यवस्थित चालतात. सायबरपंक २०७७ सारखा जड खेळ ७२०पी वर, सगळे तपशील खाली आणून, जेमतेम चालतो; त्यासाठी कार्डाची वाट पाहावी. भाच्याच्या मित्रमंडळींचे खेळ बहुतांशी पहिल्या प्रकारातले असल्यामुळे आमची तडजोड निभावली.

बोर्ड बी५५० चिपसेटचा (चिपसेट म्हणजे बोर्डावरची नियंत्रक चिप) घेतला. ए५२० स्वस्त पडतो आणि आजच्या गरजेला पुरतोही, पण पुढे ५७००एक्ससारखा ८ कोअरचा प्रोसेसर टाकायचा झाला तर बी५५० बोर्डांवर पीसीआय एक्स्प्रेस ४.० मिळते आणि त्यांचे वीज-नियमन सहसा भक्कम असते. बोर्ड घेताना त्यावर डिस्प्लेपोर्ट, अथवा एचडीएमआय २.० किंवा त्यापुढची जोडणी आहे का, हे पाहावे. कार्ड नसताना मॉनिटर बोर्डालाच जोडायचा असतो आणि जुन्या एचडीएमआयवर १४४ हर्ट्झचा (सेकंदाला १४४ चित्रांचा) पूर्ण वेग बहुधा मिळत नाही.

यापुढचा विषय आमच्याकडे सर्वांत दुर्लक्षित आणि माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे: वीज. मळ्यातल्या घरात संध्याकाळी पंप सुरू झाले की दिवे मंद होतात, आणि वळवाच्या पावसात विजा कडाडू लागल्या की पुरवठा चार वेळा येतो-जातो. कॅबिनेटबरोबर फुकट मिळणारा एसएमपीएस अशा ठिकाणी लावू नये. त्याच्या डब्यावर ४५० वॅट असे मोठ्या अक्षरांत छापलेले असते, पण प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड यांची जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टच्या वाहिनीवरून येते, म्हणून लेबलवरचा १२ व्होल्टपुढचा अँपिअरचा आकडा पाहावा आणि त्याला १२ ने गुणावे. तेथे १८ अँपिअर लिहिले असेल तर प्रत्यक्ष कामाचे २१६ वॅटच निघतात. चांगल्या ५५० वॅटच्या एसएमपीएसवर तो आकडा ४५ च्या आसपास असतो, म्हणजे ५४० वॅट. त्याच लेबलवर इनपुट १०० ते २४० व्होल्ट असे लिहिलेले असेल तर तो पूर्ण पल्ल्याचा आहे, आणि संध्याकाळी व्होल्टेज १८० वर घसरले तरी तो मुकाट्याने चालत राहतो. २०० ते २४० एवढाच पल्ला असलेला तेथे संगणक बंद पाडू शकतो. ८० प्लस ब्रॉन्झचे चिन्ह हे कार्यक्षमतेचे प्रमाणपत्र आहे, संरक्षणाचे नव्हे, एवढे ध्यानात ठेवून निदान पाच वर्षांची हमी असलेला एसएमपीएस निवडावा.

एसएमपीएस कितीही चांगला असला तरी अर्थिंग नसेल तर त्याचे निम्मे काम अडते. आमच्या भागात कितीतरी घरांत तीन खाचांचा सॉकेट असतो, पण तिसऱ्या खाचेत तार पोचलेलीच नसते. अशा ठिकाणी संगणकाच्या लोखंडी कॅबिनेटला हात लागला की मुंग्या येतात, आणि घरचे लोक ‘कॉम्प्युटरमध्ये करंट उतरतो’ म्हणून तो दुकानात परत पाठवतात. संगणकात बहुधा काहीही बिघडलेले नसते. एसएमपीएसच्या आत विजेतला गोंगाट गाळणारे दोन छोटे कॅपॅसिटर फेज आणि न्यूट्रल या दोन्हींपासून कॅबिनेटला जोडलेले असतात. अर्थिंग नसले की कॅबिनेट त्या दोघांच्या मध्ये, म्हणजे सुमारे ११५ व्होल्टवर तरंगत राहते. प्रवाह अगदी थोडा असतो, पण एचडीएमआय केबल जोडताना तोच प्रवाह एखादे पोर्ट जाळू शकतो. वायरमनला बोलावून मल्टीमीटरने फेज आणि अर्थ यांच्यामधले व्होल्टेज फेज-न्यूट्रलइतकेच येते का, आणि न्यूट्रल व अर्थ यांच्यामध्ये दोन-तीन व्होल्टांहून जास्त दिसत नाही ना, हे तपासून घ्यावे. दाजींच्या घरी अर्थिंगचा नवा खड्डा करावा लागला, आणि तो खर्च मी संगणकाच्याच हिशेबात धरला.

यूपीएससाठी व्हीए (डब्यावर छापलेला व्होल्ट-अँपिअरचा आकडा) आणि वॅट यांतील फरक पाहावा. ६०० व्हीएचा यूपीएस साधारणपणे ३६० वॅटच देतो. ५६००जी एकट्याला तो पुरतो. पुढे कार्ड लागल्यावर खेळ चालू असताना मॉनिटरसह भार त्याच्या मर्यादेच्या फार जवळ जाऊ शकतो, म्हणून १००० व्हीएचा घेतलेला बरा. त्यातून मिळणारी काही मिनिटे खेळ पुरा करण्यासाठी नसतात, संगणक नीट बंद करण्यासाठी असतात, हे मुलांना एकदा स्पष्ट सांगावे लागते. घरात आधीच इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागचे बटन यूपीएस मोडवर ठेवावे, म्हणजे वीज गेल्यावर बदल पुरेसा वेगाने होतो. वळवाच्या दिवसांत मात्र प्लग काढून ठेवण्याला पर्याय नाही, आणि इंटरनेटची तांब्याची केबल बाहेरून येत असेल तर तीही काढावी.

मॉनिटरविषयी फार चर्चा झाली नाही. २४ इंची, १०८०पी, आयपीएस (बाजूनेही रंग नीट दाखवणाऱ्या जातीचा) पडदा, १४४ हर्ट्झ किंवा त्याहून अधिक. १०८०पी मध्ये सुमारे २०.७ लाख बिंदू रंगवायचे असतात आणि १४४०पी मध्ये ३६.९ लाख, या रकमेत येणाऱ्या कार्डाला दुसरा भार सतत पेलवणार नाही. १४४ हर्ट्झवर प्रत्येक चित्र ६.९ मिलिसेकंद टिकते, ६० हर्ट्झवर १६.७, नेमबाजीच्या खेळांत हा फरक पहिल्याच दिवशी कळतो. एसएसडी १ टीबीची एनव्हीएमई (थेट बोर्डावर बसणारी जलद जात) घेतली, कारण एकेक खेळ १०० जीबीच्या पुढे जाऊ लागला आहे. तिच्या वेगाच्या आकड्यांवरून भांडण्यात अर्थ नाही. खेळ उघडताना सेकंदाला ३५०० एमबीची आणि ७००० एमबीची यांत फारसा फरक जाणवत नाही. कॅबिनेट पुढून जाळीचे, धूळ-गाळणी काढून धुता येईल असे असावे. काचेचे पुढचे तावदान दिसायला देखणे असते, पण ते हवा अडवते, आणि रस्त्याकडेच्या घरात ऊसवाहतुकीच्या दिवसांत किती धूळ येते हे वेगळे सांगायला नको.

खरेदी कोठे करावी, यावर घरात मतभेद झाले. निपाणीहून बेळगावपेक्षा कोल्हापूर जवळ पडते, आणि ‘पलीकडे स्वस्त मिळते’ हा जुना समज अजून टिकून आहे. १ जुलै २०१७ पूर्वी, दोन राज्यांचा व्हॅट वेगळा असताना, त्यात तथ्य असू शकत होते. आता संगणकाच्या भागांवर दोन्हीकडे १८ टक्केच जीएसटी आहे, त्यामुळे उरतो तो केवळ दुकानदाराच्या नफ्याचा फरक. करात बचत म्हणून कोणी बिलाशिवाय देऊ करत असेल, तर हमीही त्याच बिलाबरोबर जाते. बोर्ड, एसएमपीएस आणि मॉनिटर हे हमीच्या काळात परत न्यावे लागू शकणारे भाग आम्ही बेळगावातून घेतले, कारण भाचा तेथेच शिकतो आणि दुकानात स्वतः जाऊ शकतो. प्रोसेसर आणि एसएसडी ऑनलाइन मागवली. बिलावर प्रत्येक भागाचा अनुक्रमांक लिहून घ्यावा आणि त्या कंपनीचे सेवा केंद्र हुबळीत, कोल्हापुरात की थेट बेंगळुरूत आहे, हे पैसे देण्यापूर्वी विचारावे. ऑनलाइन आलेले खोके उघडताना मोबाइलवर सलग चित्रीकरण केले तर पुढचे वाद टळतात.

राहिले ग्राफिक कार्ड. येथेही नाव फसवते. आरटीएक्स ३०५० या एकाच नावाने ८ जीबी आणि ६ जीबी अशी दोन कार्डे विकली जातात, आणि त्यांत फक्त मेमरीचा फरक नाही: ६ जीबीचे कार्ड कमी कोअरचे आणि अरुंद मेमरी-मार्गाचे, म्हणून हळू आहे. त्याचा गुण एवढाच की ते ७० वॅटवर, वेगळ्या वीजजोडणीशिवाय चालते. जुन्या ऑफिसच्या संगणकासाठी ते योग्य, आमच्यासाठी नव्हे. आरएक्स ६५०० एक्सटी स्वस्त दिसते, पण ते ४ लेनवर चालते आणि ५६००जीच्या पीसीआय एक्स्प्रेस ३.० वर त्याचे चांगलेच नुकसान होते. इंटेलचे आर्क बी५८० हे १२ जीबीचे कार्ड किमतीच्या मानाने उत्तम आहे, मात्र साध्या प्रोसेसरबरोबर ते मागे पडते, असे ते आल्यानंतरच्या चाचण्यांत दिसून आले. आमच्या जुळणीला मला आरएक्स ६६०० सर्वांत शोभते असे वाटते: ८ जीबी, १३२ वॅट, ८ लेन, आणि ३.० वर थोडेच नुकसान. पुढचा हप्ता येईपर्यंत भाव फिरलेले असतील, तेव्हा आरटीएक्स ४०६० किंवा आरएक्स ७६०० त्याच किमतीच्या जवळ आली तर ती घ्यावीत.

वापरलेल्या कार्डाला माझी ना नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाचे ग्राफिक कार्डांवर चालणारे खाणकाम बंद झाल्यावर अशी पुष्कळ कार्डे बाजारात आली, आणि खाणकामात वापरलेले प्रत्येक कार्ड खराबच असते असे नाही. त्यांचे पंखे मात्र झिजलेले असतात. जुन्या चिपवर खोटे नाव चढवून विकलेली कार्डेही फिरतात, म्हणून विक्रेत्यासमोर जीपीयू-झेड (कार्डाची खरी माहिती दाखवणारा प्रोग्राम) उघडून पाहावे, अर्धा तास जड खेळ चालवावा, तापमान व पंख्याचा आवाज तपासावा, आणि हमी शिल्लक असेल तर मूळ बिल मागावे. बिल नसलेल्या कार्डाला नव्याच्या निम्म्याहून अधिक किंमत देऊ नये, असे माझे मत आहे.

कार्ड बसवल्यावर दोन गोष्टी विसरू नयेत. मॉनिटरची केबल बोर्डाच्या पोर्टमधून काढून कार्डाच्या पोर्टमध्ये लावावी, कारण बोर्डालाच ठेवली तर चित्र दिसत राहते आणि खेळही जुन्या अंगभूत ग्राफिकवरच चालू राहण्याची शक्यता असते. आणि विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन हर्ट्झचा आकडा १४४ वर आहे की ६० वर, हे पाहून घ्यावे.